तुर्कस्तानात माणसं पाठवणाऱ्या एचआर विभागांना खुलं पत्र

पुणे, चाकण, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या ज्या कंपन्या बुर्सा, कोजाएली, मनिसा किंवा अंकारा इथे आपली माणसं कामाला पाठवतात, त्यांच्या एचआर विभागांस,

स.न.वि.वि.

तुमच्या ऑफर लेटरमध्ये शेवटी शेवटी एक कलम असतं: "संबंधित देशातील आवश्यक व्हिसा व परवाने मिळवण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची राहील." हे कुठल्या जुन्या मसुद्यातून आलंय ते तुम्हालाही सांगता येणार नाही. पण तुर्कस्तानला निघालेल्या माणसाला हे कलम पाळायचं म्हटलं तरी पाळता येत नाही. इथे वर्क परमिटचा अर्ज नोकरी करणारा करतच नाही, नोकरी देणारा करतो. तोही कामगार मंत्रालयाच्या ऑनलाइन यंत्रणेत, कंपनीच्या अधिकृत व्यक्तीच्या ई-सहीने. २०१६ सालच्या ६७३५ क्रमांकाच्या कायद्यावर ही सगळी व्यवस्था चालते, आणि त्यात कर्मचाऱ्याच्या वाट्याला फार थोडं येतं. भारतातून अर्ज असेल तर त्याने तुर्की वकिलातीत व्हिसासाठी अर्ज करायचा आणि सोळा आकडी संदर्भ क्रमांक मिळवायचा. त्याचं काम तिथे संपलं. पुढे कामकाजाच्या दहा दिवसांत तुर्कस्तानातल्या कंपनीने आपल्या बाजूचा अर्ज भरायचा असतो. नाही भरला तर पुन्हा पहिल्यापासून.

हे दहा दिवस कसे जातात ते मी जवळून पाहिलंय. माझा नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात इंजिनिअर आहे, आम्ही बुर्साच्या निल्युफेर भागात राहतो. आसपास पाच-सात मराठी कुटुंबं आहेत आणि प्रत्येकाकडे एक परमिटची गोष्ट आहे. मुंबईच्या वकिलातीत क्रमांक मिळाला, इकडे बुर्साचा मुहासेबेजी, म्हणजे हिशेबनीस, अर्ज उघडून बसला. त्याला हवा दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार. करार पुण्यात. सही करणारे डायरेक्टर चेन्नईला. स्कॅन आला तो तिरका, एका पानाचा खालचा भाग कापलेला. मुहासेबेजी सरळ माणूस, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवला आणि चहाला गेला. मधे शनिवार-रविवार. मग कळलं की डिग्रीचं भाषांतर पुण्यातूनच करून आणलंय आणि ते चालत नाही. इथल्या शपथबद्ध अनुवादकाने भाषांतर करायचं आणि इथल्या नोटरने, म्हणजे नोटरीने, त्यावर शिक्का मारायचा, तरच ते कागदपत्र. ही यादी तुमच्याकडे तयार असायला हवी. ती दर वेळी नव्या माणसाला नव्याने शोधावी लागते, आणि तोपर्यंत तो पुण्यातलं घर सोडून, गॅसचं कनेक्शन परत करून सासरी राहत असतो.

नावाचा घोळ तर खास आपला. आपल्याकडे मुलीच्या डिग्रीवर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं, आडनाव दोन ठिकाणी दोन. आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. नोटरच्या काउंटरवरची बाई मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवते, चष्मा कपाळावर चढवते आणि विचारते, "ही दुसरी कोण?" मग राजपत्रातली नाव बदलल्याची नोंद शोधा, ती आणि विवाह प्रमाणपत्र आधी राज्य सरकारकडून प्रमाणित करून घ्या, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा शिक्का, घ्या. भारतात असताना हे काम कंटाळवाणं आहे, पण होतं. बुर्साहून करायचं म्हणजे सासऱ्यांना मुखत्यारपत्र पाठवून मुंबईच्या फेऱ्या मारायला लावायच्या. पुरुषांचंही सुटत नाही. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि आधारवर वडिलांचं नाव अर्धं. निघण्याच्या तीन महिने आधी कोणीतरी सगळे कागद एका टेबलावर मांडून नावं जुळवून पाहिली तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचेल. त्याला वकील लागत नाही.

आता मुख्य तक्रार. तुमच्यापैकी काहींनी इथे छोट्या कंपन्या उघडल्या आहेत: एक ऑफिस, एक गोदाम, दोन-तीन तुर्की माणसं. तिथे चार इंजिनिअर पाठवायचं ठरतं. पण इथला सर्वसाधारण निकष असा की एका परदेशी माणसामागे त्या जागेवर पाच तुर्की नागरिक नोकरीला, विमा भरलेले असावेत. चार इंजिनिअर म्हणजे वीस स्थानिक माणसं. काही प्रकारांना सवलती आहेत, पण त्या तुम्हाला लागू होतात का, हे माणूस विमानात बसायच्या आधी पाहायचं असतं. ते पाहिलं जात नाही. मग तोडगा निघतो तो असा: "आत्ता टुरिस्ट इकामेतवर जा, परमिटचं मागाहून बघू." इकामेत म्हणजे राहण्याचा परवाना. तो राहण्याचा असतो, काम करण्याचा नसतो. ज्याच्याकडे किमान सहा महिन्यांचं इकामेत आहे त्याच्यासाठी कंपनी इथूनच परमिटचा अर्ज करू शकते, हे खरं. पण अर्ज करता येतो म्हणजे दरम्यान कामावर बसता येतं असं नाही. परवान्याविना काम करताना सापडलं तर कंपनीला दंड, माणसाला दंड, आणि परदेशी नागरिकांविषयीच्या २०१३ च्या ६४५८ क्रमांकाच्या कायद्यातल्या ५४व्या कलमात हद्दपारीच्या कारणांमध्ये हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे. दंड कंपनी भरते, ताळेबंदात कुठेतरी टाकते. हद्दपारीची नोंद मात्र त्या पोराच्या नावावर राहते, आणि उद्या तो आणखी कुठल्या देशाच्या व्हिसा अर्जात "तुम्हाला कधी कुठून परत पाठवलं होतं का" या रकान्यापाशी अडतो.

पाचास एक हा नियम मला स्वतःला जाचक वाटत नाही. आपल्याच राज्यात उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात हा सरकारी निर्णयांतला जुना आकडा आहे, आणि त्यावरून किती मोर्चे निघाले ते तुम्ही पाहिलंय. बुर्सातल्या पोरांनीही तेच म्हटलं तर त्यात नवल काय! नियम माहीत असून माणसाला अंधारात ठेवून पाठवणं, माझा राग त्यावर आहे.

पगाराचंही तसंच. अर्जात पदाप्रमाणे किमान पगार दाखवावा लागतो, आणि तो इथल्या किमान वेतनाच्या पटीत ठरतो. इंजिनिअर आणि आर्किटेक्टसाठी ही पट चार. २०२५ साठी कपातीआधीचं किमान वेतन महिना २६,००५.५० लिरा होतं, म्हणजे इंजिनिअरला किमान १,०४,०२२ लिरा. शिवाय हा आकडा दर जानेवारीत हलतो. २०२२ आणि २०२३ मध्ये तर महागाईमुळे जुलैतही वाढवला होता. पुण्यात एक्सेलमध्ये दोन वर्षांपूर्वी बसवलेला पगार इथल्या अर्जाच्या दिवशी कमी पडतो. त्यावर उपाय म्हणून पगार वाढवायचा सोडून पदाचं नाव उतरवलं जातं. इंजिनिअरचा अर्जात "टेक्निशियन" होतो. त्यात आणखी एक सोय असते, इंजिनिअर म्हटलं की डिग्रीची समकक्षता इथल्या उच्च शिक्षण परिषदेकडून, म्हणजे योककडून, मान्य करून घ्यावी लागते, ती कटकट वाचते. परमिटच्या कार्डावर आणि विमा खात्याच्या नोंदीत मात्र तेच नाव बसतं. आठ वर्षं अनुभव असलेला माणूस इथून पुढच्या नोकरीसाठी अर्ज करतो तेव्हा त्याच्या सरकारी नोंदी सांगतात की हा टेक्निशियन होता. आणि तो दिवसभर इंजिनिअरचंच काम करत असतो, हे तपासणीला आलेल्या माणसाला कळलं तर तेही एक प्रकरणच.

मशीन विकणाऱ्या कंपन्यांचा प्रकार थोडा वेगळा. मशीन बसवायला, दुरुस्त करायला, इथल्या कामगारांना शिकवायला येणाऱ्यांसाठी परवान्यातून सूट आहे, त्यासाठी वेगळा व्हिसाही मिळतो. पण ती जेमतेम तीन महिन्यांची. ज्यांचं काम खरोखर तीन महिन्यांत संपतं त्यांच्यासाठी ती उत्तम सोय आहे, याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मशीन कधीचं चालू झाल्यावरही "अजून थोडं सेटिंग बाकी आहे" म्हणून माणसाला उत्पादनावर उभं करण्याबद्दल. एकाला मी विचारलं, "अरे, तुझं नक्की काम काय?" तो म्हणाला, "ताई, कागदावर मी अजून बोल्ट आवळतोय."

आता बायकांविषयी. पाठवलेल्यांत बायकाही असतात हे मला ठाऊक आहे, पण बहुतेक वेळा पाठवला जातो तो नवरा, आणि मागून येते ती बायको. आमच्या वेळी एका एचआर अधिकाऱ्याने मला फोनवर सांगितलं होतं की सहा महिने स्थिरावा, भाषा शिका, मग तुम्हालाही तिकडे काम मिळून जाईल. मी दंतवैद्य आहे. तुर्कस्तानात दंतवैद्यक परदेशी नागरिकाला करताच येत नाही. वैद्यकीय व्यवसायांचा १९२८ चा कायदा आहे, १२१९ क्रमांकाचा, त्यात दंतवैद्य तुर्की असावा अशी अट आहे. डॉक्टरांपुरती ही अट २०११ मध्ये उठली, त्यामुळे आज परदेशी डॉक्टर इथल्या खासगी रुग्णालयांत काम करू शकतात. दंतवैद्यांची राहिली. फार्मासिस्ट, पशुवैद्य, वकील, नोटरी, टुरिस्ट गाइड, खासगी सुरक्षारक्षक ही सगळी दारं परदेशी माणसाला बंद आहेत. ही यादी लपवलेली नाही, कामगार मंत्रालयाच्या कागदांत आहे. मी ती शोधून वाचली तेव्हा आमचं सामान जहाजावर होतं आणि पुण्यातल्या क्लिनिकची खुर्ची विकलेली होती. त्या खुर्चीची आज काय किंमत असेल हे मी बघत नाही. त्या अधिकाऱ्याला खोटं बोलायचं होतं असंही नाही. त्याने चौकशी केली नव्हती, एवढंच.

ज्यांचा व्यवसाय बंद यादीत नाही, त्यांचंही ऐका. परमिटवर आलेल्या माणसाच्या बायकोला मिळतं ते कुटुंबाचं इकामेत. त्यावर राहता येतं, मुलं शाळेत घालता येतात, नोकरी करता येत नाही. नोकरी करायची तर तिला स्वतंत्र मालक हवा, त्या मालकाकडे तिच्यासाठी पाच तुर्की माणसांचा हिशेब हवा, आणि अर्ज पुन्हा त्यानेच करायचा. शाळेत शिकवायचं तर शिक्षण मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते, नर्स असेल तर आरोग्य मंत्रालयाची. आयटीतल्या मुलींना वाटतं, आपण लॅपटॉप उघडून पुण्याचंच काम करू. तुर्कस्तानने २०२४ मध्ये अशा दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी योजना काढली, पण ती ठरावीक देशांच्या नागरिकांसाठी, त्या यादीत भारत नाही. ज्या मुली तसं काम करतात त्या ते सांगत नाहीत, आणि मीही इथे जास्त लिहीत नाही.

मला तुम्ही माझ्यासाठी कायदा बदलून आणावा असं म्हणायचं नाही. माझी प्रॅक्टिस इथे होणार नाही हे निघण्याआधी कळलं असतं तर आम्ही कदाचित तरीही आलो असतो, कदाचित तो एकटा वर्षभरासाठी आला असता. दोन्ही चालण्यासारखं होतं. पण तो हिशेब आम्हाला घरी बसून, आई-बाबांसमोर, करता आला असता.

मुदतीबद्दल. तुम्ही करार तीन वर्षांचा करता. परमिट पहिल्या वेळी जास्तीत जास्त एका वर्षाचं मिळतं. त्याच मालकाकडे पुढचं दोन वर्षांपर्यंत, त्यापुढचं तीन वर्षांपर्यंत. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत करायचा, आणि काही झालं तरी संपायच्या आत. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर, पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला तो काळ तुम्हाला आठवत असेल. आम्हाला घरून रोज फोन होते, इथे शेजारच्या आजी मात्र नेहमीसारख्या पानात गुंडाळलेली सारमा आणून देत होत्या. त्या गडबडीत एका कंपनीने "थोडं थांबून पाहू, माणसं ठेवायची की नाही ते ठरू दे" असं म्हटलं. ठरवायला हरकत नव्हती. पण त्यांच्या एका माणसाचे साठ दिवस तेव्हाच चालू होते, आणि ते पुण्यात कुणाच्या कॅलेंडरवर नव्हते. मुदत संपली, परमिट संपलं, त्याच्या मागोमाग बायकोचं आणि मुलीचं इकामेत. मुलीची सहामाही परीक्षा तोंडावर होती. तो माणूस चांगला होता, त्याला इथल्याच एका तुर्की कंपनीने नंतर घेतलं. सगळ्यांच्या नशिबी तसं नसतं, कारण परमिट माणसाला नाही, त्या मालकाकडच्या त्या नोकरीला मिळतं. मालक बदलला की नवा अर्ज, नव्या मालकाने केलेला.

अर्ज फेटाळला गेला तर तीस दिवसांत मंत्रालयाकडे हरकत घेता येते, त्यापुढे प्रशासकीय न्यायालय आहे. फेटाळल्याची बातमी यंत्रणेतून कंपनीला आधी कळते. माणसाला ती विसाव्या दिवशी, "अरे हो, ते रिजेक्ट झालं ना" अशी सांगितलेली मी ऐकली आहे.

पैशांचं एक सांगून थांबते. पगारातून इथल्या विमा खात्याचे, म्हणजे एसजीकेचे, १४ टक्के आणि बेरोजगारी विम्याचा १ टक्का कापला जातो. भारताचे जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान अशा अनेक देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहेत, त्यामुळे तिकडे पाठवलेल्याला दोन्हीकडे भरावं लागत नाही किंवा वर्षं जोडली जातात. तुर्कस्तानशी तसा करार नाही. तीन वर्षांनी परतणाऱ्या माणसाला इथे निवृत्तिवेतन मिळण्याइतकी वर्षं कधीच भरत नाहीत. आरोग्यसेवा मिळते, ती चांगली आहे, ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या सीटीसीच्या तक्त्यात हे १५ टक्के "सामाजिक सुरक्षा लाभ" म्हणून मिळकतीच्या बाजूला दाखवलेले पाहिले तेव्हा मला हसू आलं.

तुमच्याकडे आमची मागणी मोठी नाही. ते ऑफर लेटरमधलं कलम काढा आणि त्या जागी लिहा: अर्ज कोणती कंपनी करणार, कोणत्या पदावर, कोणत्या पगारावर, आज तिथे किती तुर्की नागरिक नोकरीला आहेत, परमिट हातात पडायच्या आधी माणूस कामावर जाणार का नाही, मुदतवाढीच्या तारखा कोण सांभाळणार, आणि मुदत हुकली तर परतीचा, घरभाड्याचा, शाळेच्या फीचा खर्च कोणाचा. मग जोडीदाराचं शिक्षण आणि व्यवसाय विचारून घ्या, इथल्या एखाद्या सल्लागाराला एकदा फोन करा, आणि जोडीदाराला तुर्कस्तानात काम करता येईल की नाही ते एका कागदावर स्पष्ट लिहून द्या. "नाही" असेल तर "नाही" लिहा. दिवाळीनंतर तुमची पुढची तुकडी निघणार असल्याचं कानावर आलंय, त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल.

आणि तो कागद नवऱ्याच्या ऑफिसच्या मेलवर पाठवू नका. बायकोचा स्वतःचा ईमेल मागून घ्या आणि तिच्याकडे थेट पाठवा, तिने तो वाचून सही करून परत पाठवल्याशिवाय तिकीट काढू नका.

आपली,
बुर्सात राहणारी एक पुणेकर दंतवैद्य